लाजर पैलवानाचा पाय

"चालून दाखव," हौसाबाई म्हणाल्या.

मी चुलीपासून दारापर्यंत चालले आणि दारापासून परत चुलीपर्यंत आले. डावा पाय टाकताना माझा खांदा खाली जातो, तो गेला. मी तीन वर्षांची असताना ताप आला होता. जाताना तो त्या पायातलं बळ घेऊन गेला, तेव्हापासूनची ही चाल. हौसाबाईंनी बशीतला चहा फुंकत फुंकत सगळं नीट पाहून घेतलं. शेजारी त्यांचा मुलगा शांतवन बसला होता. त्याने मला चालताना शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्या दिवशी तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला.

"आनखी एकदा," हौसाबाई म्हणाल्या.

"मावशी, बाजारात बैल घेताना दातसुद्धा बघतात," मी म्हणाले. "तोंड उघडू का?"

मागून आत्याने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वण आठवडाभर राहिला. मी पुन्हा चालले.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. आमचं कानडगव्हाण नगर जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्याला चिकटून असलेलं गाव. गावाबाहेर एक टेकडी, टेकडीवर मातमाउलीचं, म्हणजे मारिया मातेचं, चर्च आणि टेकडीच्या पायथ्याशी आमचं घर. माझे वडील याकोब त्रिभुवन, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मेणबत्त्या करत. आई मी लहान असतानाच वारली. अण्णांची थोरली बहीण कृपाआत्या विधवा होऊन माहेरी आली होती, तिने मला वाढवलं आणि जमेल तेव्हा चिमटेही काढले.

वर्षभर साध्या बत्त्या चालायच्या, पण आमची खरी कमाई सप्टेंबरातल्या यात्रेची. नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना आणि शेवटी सण. यात्रेला पंचक्रोशीतली माणसं यायची, ख्रिस्ती यायची तशी मराठे, माळी, धनगर सगळी यायची, आणि ज्याचं जे दुखत असेल ते मेणाचं करून माउलीपुढे ठेवायची. हात दुखतो तर मेणाचा हात, डोळे अधू झाले तर मेणाचे डोळे, मूल होत नाही तर मेणाचा पाळणा, घर होत नाही तर मेणाचं घर. चर्चमध्ये वेदीपुढे दोन टेबलं मांडलेली असत. डावीकडचं मागणीचं, उजवीकडचं आभाराचं. ज्याला अजून गुण यायचाय त्याने मागणीच्या टेबलावर ठेवायचं, ज्याला गुण आला त्याने आभाराच्या. मागणीच्या टेबलावर पाय ठेवायला जागा नसायची आणि आभाराच्या टेबलावर पाच-सात वस्तू असायच्या. त्यावरून माउलीला कोणी कधी बोल लावला नाही.

हे सगळे अवयव आमच्याच शेडमध्ये ओतले जात. प्लास्टरचे दोन-दोन फाळांचे, म्हणजे पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा असे, साचे माझ्या आजोबांनी केलेले. पायाचा साचा एकच होता आणि तो आजोबांच्या मित्राच्या, लाजर पैलवानाच्या पायावरून घेतलेला. काय पोटरी होती त्या माणसाची. त्यामुळे म्हाताऱ्यांचे गुडघे, बाळंतिणींच्या टाचा, पोरांची मोडलेली नडगी, अशा सगळ्या दुखऱ्या पायांच्या बदल्यात माउलीला वर्षानुवर्षं एकट्या लाजरची पोटरी मिळत होती.

त्यात आणखी एक गंमत अशी की तो पाय उजवा होता. माझा अधू पाय डावा. आत्याने माझ्यासाठी नवस बोलला होता, पाय सरळ होईपर्यंत दर यात्रेला एक पाय वाहायचा, आणि मी पाचव्या वर्षापासून दर सप्टेंबरात मागणीच्या टेबलावर एका पैलवानाचा उजवा पाय ठेवत आले होते. लहानपणी मी आत्याला विचारलंही होतं.

"आत्या, माझा तर हा पाय."

"माउलीला कळत न्हाई व्हय?" आत्या म्हणाली. "तिला काय तुझ्यावानी शिकवाय लागतं?"

माउलीने शब्दशः ऐकलं असतं तर मला तिसरा पाय फुटला असता, तोही तालीम केलेला.

तर त्या दिवशी हौसाबाई मला बघायला आल्या होत्या. शांतवन त्यांचा एकुलता एक, साखर कारखान्यात फिटर, आणि रविवारी चर्चच्या कोरसमध्ये पेटी वाजवायचा. मी त्याच कोरसमध्ये गायचे. दोन वर्षांत आमचं काय ते जमलं होतं. माझ्या पायाचं त्याला काही नाही, असं त्याने मला पेटी मिटताना, हलक्या आवाजात, एकदा सांगितलं होतं. मला तो हवा होता. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, मला तो फार हवा होता. त्याची बोटं पेटीवर फिरायला लागली की माझे शब्द चुकायचे.

चहा संपवून हौसाबाईंनी बशी खाली ठेवली.

"पोरगी नाकीडोळी चांगली हाये," त्या आत्याला म्हणाल्या. "गळा चांगला हाये. पर उद्या भावकीत कुनी म्हनाया नको, हौसानं डोळे झाकून लंगडी सून केली. आपन सगळं करून बघितलं, आसं दिसाया पायजे."

"मंग काय करायचं ईनबाई?" आत्याने विचारलं. सोयरीक ठरायच्या आधीच तिने ईनबाई म्हणायला सुरुवात केली होती.

"सणाच्या दिवशी हिनं खालच्या पायरीपासनं गुडघ्यांनी वर जायाचं. पाय सवता हातात घ्यायचा. सगळ्यांच्या म्होरं मागनीच्या टेबलावर ठिवायचा आन मास्तरला भोंग्यावरनं नाव घ्यायला लावायचं. एस्तेर याकोब त्रिभुवन, पाय बरा व्हावा म्हनून. माझी सगळी भावकी यात्रंला आसती. त्येंनी ऐकलं म्हंजी झालं. मंग माझी काय हरकत न्हाई."

"करंल की," आत्या म्हणाली. "त्यात काय. इतकी वर्सं करतीच हाये."

अण्णा दाराशी उभे होते. त्यांच्या हाताला मेण लागलेलं होतं आणि ते नखाने ते खरवडत होते. अण्णा कधीच फारसं बोलत नसत, बोलणं आत्याकडे आणि मेण त्यांच्याकडे अशी वाटणी पूर्वीच झालेली होती.

जाताना शांतवन जरा मागे राहिला.

"एवढं करून टाक ना," तो म्हणाला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आईचं समाधान होईल."

"आणि तुमचं?"

"माझं काय, मी तर तयारच आहे."

तो हसला आणि मीही हसले. त्यावेळी ते मला पुरलं.

पण नंतर ते बोलणं मनातून जाईना. गुडघ्यांनी चढणं मला नवं नव्हतं, पाय वाहणंही नवं नव्हतं. इतकी वर्षं मी मुकाट्याने वाहत होते. आता भोंग्यावरून सगळ्या टेकडीला ऐकवायचं होतं की या मुलीचं एक अंग मोडलेलं आहे, ते दुरुस्तीला टाकलंय, तोवर सांभाळून घ्या. मी मॅट्रिक झालेली, दोन हातांनी दिवसाला चारशे वाती ओवणारी, पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन हीच टेकडी चढणारी बाई. माझं काहीएक मोडलेलं नव्हतं. पाय बारीक होता, वाकडा होता, पण तो माझा होता आणि मला घेऊन तोच सगळीकडे जात होता. मला संताप आला. संताप आला की मला काहीतरी करायला लागतं, नुसतं बसवत नाही.

नोव्हेना सुरू झाली, तशी आत्या रोज दुपारी टेकडीवर जाऊ लागली. अण्णा पायथ्याशी आमच्या दुकानावर बसत. शेड मला मोकळी मिळायची.

पहिल्या दुपारी मी प्लास्टर कालवलं. मांडीपर्यंत परकर खोचला, पायाला खोबरेल चोळलं आणि पाटावर पाय ठेवून त्याच्या मागच्या बाजूने फडक्याच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून बसवत गेले. प्लास्टर थिजताना गरम होतं. त्या पायाला इतका ऊबदार हात माझ्या आठवणीत कोणी लावला नव्हता, अगदी मीसुद्धा नाही. अंघोळीतही मी तो घाईघाईने उरकायचे. मागचा फाळ घट्ट झाल्यावर कडांना तेल लावलं आणि पुढचा फाळ घातला. दोन्ही निघाले तेव्हा आत माझा पाय होता, आतून बाहेर वळवलेला. घोटा, आत ओढलेली बोटं, अंगठ्याजवळची जुनी खपली, सगळं उतरलं होतं.

साचे मी रिकाम्या पोत्याखाली लपवले आणि वाळू दिले.

आता मेण. अण्णांकडे तीन तऱ्हेचं मेण असायचं. पांढरं मेण नगरच्या बाजारातून लाद्यांनी यायचं, खनिज तेलातून निघालेलं. झटकन वितळणार, झटकन थिजणार, साच्यातून आपणहून सुटणार, दिसायला झकास. यात्रेचे सगळे हातपाय त्याचेच. दुसरं परतीचं मेण. यात्रा संपली की अर्धवट जळलेल्या बत्त्या आणि वाहिलेले अवयव पोत्यांत भरून वरून खाली यायचे, ते वितळवून फडक्यातून गाळायचं आणि त्याच्या स्वस्तातल्या बत्त्या ओतायच्या. म्हणजे आदल्या वर्षीचा कोणाचा तरी गुडघा या वर्षी कोणाच्या तरी देव्हाऱ्यात जळत असे. आणि तिसरं पोळ्याचं मेण. अकोले तालुक्यातल्या डोंगरांतले ठाकर मधाबरोबर घेऊन यायचे. पिवळंधमक, गोड वासाचं, महाग. त्याची वर्षातून एकच मेणबत्ती व्हायची, चर्चसाठी, ईस्टरची. बाकी कशालाही अण्णा ते हात लावू देत नसत.

मी पांढऱ्यापासून सुरुवात केली. मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यात मेणाचा डबा, मेण उघड्या जाळावर ठेवायचं नाही हे मला चालायच्या आधी कळलेलं. साच्यात ओतलं, कडेला साय धरली तसं मधलं मेण परत डब्यात काढलं, थिजू दिलं. फाळ उघडले आणि पाय घोट्यात तुटला. लाजरच्या पोटरीला पांढरं मेण पुरतं, कारण तिथे आहेच खंडीभर. माझा घोटा मनगटाएवढा. पांढरं मेण बारीक ठिकाणी उभं राहत नाही.

मग परतीचं मेण घेतलं. ते तुटलं नाही, पण करड्या ठिपक्यांनी भरलेला, रोगट पाय निघाला. तो बघून माझं मलाच वाईट वाटलं. मी तो लगेच डब्यात टाकला.

तिसऱ्या दुपारी मी शेडमध्ये गेले तर ओट्यावर पोळ्याच्या मेणाची ढेप ठेवलेली होती. अख्खी. वरचं फडकं काढलेलं.

मी दाराबाहेर पाहिलं. अण्णा दुकानावर न जाता दोरीवरच्या बत्त्या सरळ करत उभे होते.

"अण्णा, हे ईस्टरचं आहे."

"ईस्टर लांब हाये," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत मी काय करते ते?"

"पोत्याखाली प्लास्टर वाळंना, घाम धरतं. मी काल काढून उनात ठिवलं व्हतं." त्यांनी एक बत्ती उगाच पुन्हा सरळ केली. "आन पोळ्याचं मेण साच्याला चिकटतं. आधी साच्याला साबनाचं पानी पाज."

एवढं बोलून ते गेले. मी साच्याला साबणाचं पाणी पाजलं. मेण सावकाश वितळलं, सगळ्या शेडमध्ये मधाचा वास भरला. सावकाशच ते थिजलं. फाळ उघडले तर पाय अख्खा निघाला, पिवळा, माझा. मी तो आडवा धरला, उभा धरला, घोट्याशी थोडा दाबला. तो वाकला, पण तुटला नाही.

सणाच्या दिवशी टेकडी माणसांनी फुलली होती. पायथ्याशी रेवडी, बांगड्या, भेळ, आमचं दुकान, आणि वर भोंगा. भोंग्यावर थॉमस मास्तर. निवृत्त झाल्यापासून बिचाऱ्यांना वर्गात ओरडायला मिळत नसे, ती हौस ते यात्रेत भागवत. ज्याने जे टेबलावर ठेवलं त्याचं नाव, वस्तू आणि मागणी की आभार, असं ते पुकारत. "राहुरीच्या सोजरबाई, डोळे, मागणी." "सोनईचे काशिनाथ, हात, मागणी."

मी पांढरी साडी नेसले होते. पाय ताटात ठेवून वर रुमाल टाकलेला. खालच्या पायरीशी हौसाबाई, त्यांच्या दोन जावा, नणंद, भाचे आणि शांतवन असे सगळे उभे होते. आत्याने पायरीवर माझ्यासाठी पोतं अंथरलं.

"बस गुडघ्यांवर," ती म्हणाली.

"नको," मी म्हणाले. "चालत जाते."

"आगं ठरलंय काय—"

"पाय वाहायचाय ना आत्या? मग पायांनीच जाते."

आणि मी चढायला लागले. डावा पाय, खांदा खाली, उजवा पाय, खांदा वर. मागून आत्या ईनबाईंना सांगत होती की पोरीला उपास आहे, गुडघ्यांनी चक्कर येईल म्हणून. आत्याला खोटं बोलायला वेळ लागत नसे. सगळी भावकी माझ्या मागे मागे वर आली.

चर्चमध्ये मागणीच्या टेबलावर नेहमीसारखी गर्दी होती. पांढरे हात, पांढरे डोळे आणि लाजर पैलवानाचे पंचवीस-तीस पाय एकाच बाजूला कलून उभे. हौसाबाईंनी पुढे होऊन त्यात जागा करून दिली. मी त्या जागेवरून पुढे गेले, आभाराच्या टेबलाशी थांबले, रुमाल काढला आणि पाय तिथे ठेवला.

मास्तरांच्या तोंडाला सवय झालेली. त्यांनी टेबल पाहिलं आणि पुकारलं, "कानडगव्हाणची एस्तेर याकोब त्रिभुवन, पाय, आभार."

मग त्यांनी पाय पाहिला. माइक खाली घेऊन ते मला म्हणाले, "एस्तेर, टेबल चुकलं का गं?"

"नाही मास्तर."

"पाय बरा झाला?"

"नाही. आहे तसाच आहे. या टेबलावर ठेवलाय तोच माझा पाय आहे. इतकी वर्षं मी त्याच्यावर उभी आहे, आणि त्याचे आभार आजवर कोणी मानले नाहीत. मी मानते."

माइक त्यांनी खाली घेतला होता, बंद केला नव्हता. मी बोलले ते सगळं टेकडीवर गेलं. रेवडीवाल्यापर्यंत गेलं.

कोणीतरी फिसकन हसलं. दोन बायका पुढे येऊन पायाकडे वाकून बघू लागल्या. पांढऱ्या गर्दीत तो एकटाच पिवळा, बारीक, बोटं आत ओढलेला पाय दिसत होता, आणि मला त्याची लाज वाटली नाही. मला वाटलं होतं, ऐन वेळी वाटेल. नाही वाटली.

हौसाबाईंचा चेहरा लाल झाला होता.

"ह्यो काय आगाऊपना?" त्या आत्याला म्हणाल्या. "आमच्या तोंडावर व्यंग मांडून दाखवाय लागली?"

"मावशी, तुम्हीच म्हणालात, चालून दाखव," मी म्हणाले. "दाखवलं."

त्या तरातरा खाली गेल्या त्या थेट आमच्या दुकानाशी. मी मागून पोचले तेव्हा त्या अण्णांसमोर उभ्या होत्या.

"एक पाय द्या याकोबभाऊ. पांढरा, चांगला. मी सवता नेऊन ठिवते हिच्या नावानं मागनीवर. झालं गेलं इसरून जाऊ. पोराचं मन हाये म्हनून म्हनते, न्हाई तर मी कवाच उठले आसते."

दुकानात लाजरचे पाय रांगेने मांडलेले होते. गिऱ्हाइकं खोळंबली होती. अण्णांनी हातातलं काम ठेवलं, हात धोतराला पुसले आणि दुकानाच्या पुढे येऊन उभे राहिले.

"पाय हायेत," ते म्हणाले. "तुमच्या गुडघ्यासाटी पायजे तर घिऊन जा. पर तिच्या नावानं द्यायला माझ्याकडं पाय न्हाई."

"आवो, पर सोयरीक—"

"तिचा पाय वर ठिवलाय तिनं. म्या बघितलाय, लई चांगला निघालाय."

अण्णांनी माझ्यासाठी कोणासमोर एवढी वाक्यं बोललेली मी त्याआधी ऐकली नव्हती. हौसाबाईंनी पदर झटकला आणि भावकी घेऊन निघून गेल्या.

शांतवन मात्र थोड्या वेळाने एकटाच आला. अण्णा त्याला पाहून वाती मोजायच्या निमित्ताने आत गेले.

"तू हे मला आधी का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

तो दुकानातल्या बत्त्या हाताने सारख्या करत राहिला. "अजून वेळ गेलेली नाही," तो म्हणाला. "संध्याकाळी गर्दी ओसरली की आपण दोघं वर जाऊ. तो पाय काढून घेऊ. आईला मी सांगतो की रागाच्या भरात झालं."

"रागाच्या भरातच झालं. पण काढून का घ्यायचा?"

"एस्तेर, मला काही नाही गं. खरंच काही नाही. पण लोक बघतायत. कारखान्यातली माणसं आलीयेत, उद्या मला तोंड दाखवायचंय. लोक काय म्हणतील याचा काही विचार?"

मी त्याच्याकडे पाहिलं. पेटीवर फिरणारी ती बोटं बत्त्यांवरून फिरत होती. मला तो अजूनही हवा होता. हेच तर वाईट होतं.

"मग तुम्ही लोकांशीच लग्न करा," मी म्हणाले.

त्याने शेवटची बत्ती सरळ केली आणि तो गर्दीत गेला.

मी मेणाच्या लाद्यांमागे बसून पोटभर रडले. ते लपवून काय करू? आत्या आली, चिमटा काढेल म्हणून मी दंड आवरून घेतला, पण ती नुसतीच शेजारी बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मेली लई भाव खाती." हौसाबाईंविषयी. इतक्या वर्षांत आत्याचं आणि माझं एकमत झालं ते एवढंच.

शांतवनचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. कोरसमध्ये मी होते आणि माझा वरचा सूर एकदाही चुकला नाही. माझंही पुढे झालं. ती गोष्ट निराळी, आणि त्या गोष्टीत मला कोणी चालायला लावलं नाही.

पण त्या दुपारचं राहिलंच. तोंड धुऊन मी दुकानावर परत बसले, सणाचा दिवस, किती वेळ रडणार. तेवढ्यात एक बाई समोर येऊन उभी राहिली. नेवाशाकडची असावी, कपाळावर कुंकू, हाताशी सात-आठ वर्षांची मुलगी. मुलीने उजवा हात फ्रॉकच्या घडीत लपवलेला. बाई दुकानातल्या मेणाच्या हातांकडे बघत होती, घेत नव्हती.

"हात देऊ?" मी विचारलं.

"दर साली ह्योच नेतो," ती म्हणाली. "पाच बोटांचा. औंदा ही ऐकंना. वर कुनाचा तरी पिवळा पाय हाये म्हनं, तिनं पायला. तवापासून माझ्या मागं लागलीया, मला बी माझाच हात पायजे. आसलं मिळतं का हो तुमच्यात?"

"बघू," मी मुलीला म्हणाले.

तिने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग माझ्या पायाकडे, बराच वेळ, लहान मुलं बघतात तसं सरळ. मी साडी घोट्याच्या वर घेतली आणि तिला नीट बघू दिलं. तेव्हा तिने हात बाहेर काढला. जन्मताच तीन बोटं होती, दोन एकत्र जुळलेली आणि अंगठा.

"नाव काय तुझं?"

"रंजना."

"रंजना, प्लास्टर गरम होतं. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. जमेल?"

तिने मान डोलावली. अण्णांनी न सांगता घमेल्यात प्लास्टर कालवायला घेतलं. मी दुकानाच्या फळीवरच्या बत्त्या बाजूला सारल्या, रंजनाचा हात फळीवर घेतला आणि त्याला खोबरेल चोळू लागले. दोन्ही बोटांच्या मधल्या जोडावर तेल लावताना ती खुदकन हसली. येणारीजाणारी माणसं थांबली. आधी चार, मग दहा, मग रेवडीवाला टोपली घेऊनच आला. कोणीतरी मागच्याला सांगत होतं, ती बघ, सकाळची लंगडी. रंजनाच्या आईने पदर ओढून मुलीचा हात झाकायला घेतला.

सकाळी चर्चमध्ये ठणकावून बोललेली मी, पण मलाही त्या पोरीची काळजी वाटली. मी तिच्या कानाशी वाकले.

"आत शेडमध्ये जाऊ या का? लोक बघतायत."

"बघू दे की," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने फ्रॉकची बाही खांद्यापर्यंत वर सारली.